डुकराच्या आधीची गोष्ट

जर्मनच्या वर्गाचं सत्र संपत आलं तेव्हा बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जो विषय येईल त्याने त्याची तयारी करायची आणि सगळ्या वर्गाला गावातून फिरवत तासभर जर्मनमध्ये बोलायचं, तेही हातात कागद न धरता. युक्रेनहून आलेल्या एका इंजिनिअर गृहस्थांना कचऱ्याचं वर्गीकरण आलं. ब्राझीलच्या मुलीला बेकऱ्या आणि पाव. माझ्या चिठ्ठीत निघालं 'न्योर्डलिंगन: भूगोल आणि इतिहास', म्हणजे आम्ही राहतो तेच गाव, जर्मनीत बव्हेरियातलं.

"तुमचं काम सोपं आहे," बाई म्हणाल्या. "डुकरापासून सुरू करा. इथे सगळे तिथूनच सुरू करतात."

हे डुक्कर न्योर्डलिंगनला येणाऱ्या प्रत्येकाला भेटतंच. साल 1440. शेजारच्या ओएटिंगनच्या काउंट हान्सचा या गावावर डोळा होता. त्याने वेशीवरच्या पहारेकऱ्यांना पैसे चारले आणि ल्योप्सिंगर वेस रात्री नुसती लोटून ठेवायला लावली, अडसर न घालता. त्या रात्री एक बाई घराबाहेर पडली, तर एक सुटलेलं डुक्कर वेशीच्या दाराला अंग घासतंय आणि दार हलतंय. तिने ओरडून गाव गोळा केलं, गाव वाचलं, पहारेकऱ्यांना देहदंड झाला. तिच्या तोंडी घातलेली "सो, ग'सेल, सो!" (असं, गड्या, असं!) ही आरोळी आजही चर्चच्या मनोऱ्यावरून रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरचा पहारेकरी देतो. ध्वनिमुद्रण नव्हे, खरा माणूस. आम्ही तटाच्या आतच राहतो. खिडकी उघडी असली आणि रस्ता शांत असला की आमच्या घरापर्यंत ती ऐकू येते.

गोष्ट झकास आहे. पण तासभर बोलायचं म्हणून मी ती मनात घोळवायला लागले, तर ती मध्यातूनच सुरू होते असं वाटायला लागलं. काउंटला हे गाव हवं होतं कशासाठी? एवढीशी वस्ती, तिला एवढी भक्कम वेस बांधायला पैसा आला कुठून? आणि हे गाव नेमकं इथेच का, दहा मैल अलीकडे-पलीकडे का नाही? या प्रश्नांची उत्तरं डुकराकडे नाहीत, जमिनीकडे आहेत. मी बाईंना सांगितलं, डुक्कर शेवटी घेईन. त्यांनी खांदे उडवले. "तासाच्या आत बसवा म्हणजे झालं."

जमिनीची गोष्ट मला आमच्या ह्यांच्या रेल्वेने कळली. हे डोनाउव्योर्टला हेलिकॉप्टरच्या कारखान्यात आहेत, रोज गाडीने जाऊन-येऊन करतात. न्योर्डलिंगनहून गाडी निघाली की सुरुवातीला सगळं सपाट. गहू, मका, बीट, मध्येच एखादं खेडं आणि त्याच्या चर्चचं टोक. झाड म्हणावं तर ओढ्याकाठी, नाहीतर रस्त्याच्या कडेला. मग हारबुर्ग येतं आणि एकदम डोंगर जवळ येतात. व्योर्निट्स नदी तिथे डोंगरातून वाट काढते, तिच्याच सोबतीने रूळ जातात आणि वर कड्यावर हारबुर्गचा किल्ला. ती खिंड ओलांडली की गाडी रीसच्या, म्हणजे आमच्या या सपाट गोल प्रदेशाच्या, बाहेर पडते. म्हणजे आमचे हे रोज सकाळी एका अशनी-विवराच्या बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळी परत विवरात येतात. इतके दिवस दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं, कारण परातीच्या तळाशी बसलेल्या मुंगीला परात दिसत नाही.

मी मूळची मेहकरची. लोणार आम्हाला शाळेच्या सहलीचं हक्काचं ठिकाण. लोणारला काठावर उभं राहिलं की सगळं विवर एका नजरेत मावतं: खाली हिरवट पाणी, भोवती झाडी, देवळं. व्यास 1.8 किलोमीटरच्या आसपास. लवणासुराची कथा तिथला प्रत्येक माणूस सांगतो, आणि लगेच पुढे उल्केचीही. म्हणून विवर म्हणजे वरून खाली बघायची वस्तू, असंच माझ्या डोक्यात बसलेलं. रीसचा व्यास 24 किलोमीटर. त्यात न्योर्डलिंगन आहे, डझनावारी खेडी आहेत, नद्या आहेत, रेल्वे आहे. इथे खाली वाकून बघायला काही नाही. बघायचं तर चढावं लागतं.

तयारीची सुरुवात म्हणून मी दानिएल चढले. दानिएल म्हणजे सेंट जॉर्ज चर्चचा 90 मीटर उंच मनोरा, 350 पायऱ्या. खालचा जिना दगडी, वरचा लाकडी, मध्ये एके ठिकाणी सामान वर ओढायचं जुनं लाकडी चाक. वरच्या सज्जावर आलं की पायाखाली गाव, लाल कौलांचं, जवळजवळ गोल, भोवती तटाची अखंड कड. त्याच्यापलीकडे सपाट शेतं. आणि सगळ्यात बाहेर, चहूबाजूंनी, जंगलाची एक गडद रेघ. ती रेघ म्हणजे विवराचा काठ. तळापासून शे-दीडशे मीटर उंच, म्हणून तिथे शेती कमी आणि रान जास्त. इथून 99 खेडी दिसतात असं म्हणतात. मोजायच्या फंदात मी पडले नाही. पण एका दृष्टिक्षेपात दोन वर्तुळं, गावाचं आणि विवराचं, हे पाहिल्यावर बोलायचा क्रम माझ्या मनात पक्का झाला.

पुढचे काही दिवस मी संग्रहालयात घालवले. रीसक्राटर-म्युझियम 1990 मध्ये सुरू झालं, 1503 सालच्या एका जुन्या कोठारात. दिवसेंदिवस येणारी, वहीत उतरवून घेणारी बाई बघून तिथल्या तिकीट देणाऱ्या काकूंनी मला भिंगच आणून दिलं. "हे घ्या, नुसतं वाचून कळत नाही." त्यांचं खरं होतं.

वाचून कळलं ते असं. सुमारे 1 कोटी 48 लाख वर्षांपूर्वी एक ते दीड किलोमीटर व्यासाचा अशनी सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने इथे आदळला. वर चुनखडीचे आणि मातीचे थर, खाली ग्रॅनाइट आणि नाइस हे कठीण खडक. अशनी दोन्ही फोडून आत गेला आणि स्वतः बाष्प होऊन संपला. चुनखडीचे ठोकळे 70 किलोमीटरपर्यंत उडून पडलेले सापडतात. वरच्या वाळूमातीचा वितळलेला रस त्याहून दूर, आजच्या चेक प्रदेशात, हिरव्या काचेचे थेंब होऊन पडला. तिथे त्यांना मोल्डावाइट म्हणतात आणि दागिन्यात घालतात. इथून पश्चिमेला 40 किलोमीटरवर श्टाइनहाइमचं आणखी एक विवर आहे, पावणेचार किलोमीटरचं. दोन्ही एकाच वेळी, एका मोठ्या आणि एका छोट्या अशनीने झाली असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात.

मग खड्ड्यात पाणी साठलं. बाहेर पडायला वाट नसलेलं, खारट, सोडा असलेलं तळं. हे वाचताना मी थबकले. म्हणजे लोणार आज जे आहे ते हे गाव एकेकाळी होतं. लाखो वर्षं ते तळं गाळाने भरत राहिलं, शेकडो मीटर गाळ. त्यानंतर नद्यांनी वरचा थर धुऊन नेला, हिमयुगात वाऱ्याने बारीक सुपीक माती आणून पसरली आणि आजचा सपाट रीस तयार झाला. 1973 मध्ये गावाजवळ 1,206 मीटर खोल विंधन घेतलं, तेव्हा वरून खाली हाच क्रम हाती आला: तळ्याचा गाळ, त्याखाली आघातात तयार झालेला खडक, त्याखाली चिरफळलेला ग्रॅनाइटचा तळ.

काकूंच्या भिंगाखाली मी पाहिला तो मधला खडक, सुएव्हिट. करडा, किंचित हिरवट. लांबून बघितलं तर साधा, जरा ठिसूळ दगड. भिंगातून मात्र त्यात काळपट काचेचे वेडेवाकडे पट्टे दिसतात, ओढून ताणून वळलेले, मध्ये फुगे अडकलेले. त्यांच्या शेजारी पांढरे-गुलाबी कण, ते फुटलेले ग्रॅनाइट. एखाद्या ठिकाणी चुनखडीचा खडा. हजारो फूट वर-खाली असलेले थर एका मुठीएवढ्या तुकड्यात एकमेकांत घुसलेले. त्यात हिरेही आहेत, पण ते डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हेत. मूळ खडकातल्या ग्रॅफाइटचे आघाताने हिरे झाले, बहुतेक मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढे. सगळ्या रीसमध्ये मिळून 72,000 टन असावेत असा अंदाज दिला जातो. सोनाराच्या कामाचा त्यातला एकही नाही.

सेंट जॉर्ज चर्च याच दगडाचं आहे. 1427 ते 1505 एवढी वर्षं त्याचं बांधकाम चाललं. दगड गावाच्या नैऋत्येला आल्टेबुर्गच्या खाणीतून आणला. मी सायकलने ती खाण बघून आले. रानातली लहानशी जागा, शेवाळलेल्या भिंती, आता तिथे कुणी दगड काढत नाही. तिथून बैलगाडीने दगड गावात नेताना गवंड्यांना वाटत असेल, जरा मऊ आहे, कोरायला बरा. मऊ होता म्हणूनच तो टिकायला वाईट निघाला. पावसापाण्याने झिजतो, पापुद्रे सुटतात, आणि चर्चची डागडुजी कधी संपत नाही.

आता खरी मौज. हा दगड लोकांनी शेकडो वर्षं वापरला, भूशास्त्रज्ञांनी शंभर-दीडशे वर्षं तपासला, आणि जवळजवळ सगळे म्हणत राहिले की हा ज्वालामुखी आहे. काच आहे, राखेसारखा दिसतो, खड्डा गोल आहे, मग दुसरं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा 1936 मध्ये एकेका अभ्यासकाने अशनीची कल्पना मांडली होती, कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1960 मध्ये अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर इथे आले, रीसच्या पूर्व काठावरच्या ओटिंगच्या खाणीतले तुकडे घेतले आणि एडवर्ड चाओ यांच्याकडे तपासायला पाठवले. त्यात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झचं, म्हणजे गारगोटीचं, हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होतं, आणि असा दाब जमिनीवर फुटणाऱ्या ज्वालामुखीत येत नाही. वाद तिथे मिटला. लोणारलाही आधी ज्वालामुखीच म्हणत होते. तिथे बेसॉल्टमधली आघाताची काच सापडली आणि 1973 मध्ये तो प्रश्न सुटला. वयाबद्दल मात्र तिथे अजून ओढाताण आहे: एका मोजणीत 52 हजार वर्षं येतात, दुसरीत 5 लाख 70 हजार. रीसच्या बाबतीत असा घोळ नाही, याचं मला मेहकरकर म्हणून थोडं वाईट वाटतं.

ऑगस्ट 1970 मध्ये नासाने अपोलो 14 चे अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल यांना, आणि त्यांच्या राखीव जोडीतल्या यूजीन सर्नन आणि जो एंगल यांना, इथल्या खाणींत दगड ओळखायचं शिक्षण घ्यायला पाठवलं. चंद्रावर जे सापडणार होतं ते पृथ्वीवर पाहायला मिळण्याच्या थोड्या जागांपैकी ही एक. अपोलो 16 ने आणलेला चंद्राचा एक तुकडा आज संग्रहालयात काचेआड ठेवलेला आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना मी विचारलं, तुम्हाला आठवतं का? "पेपरात फोटो आला होता," त्या म्हणाल्या. "आमची त्या वेळी कापणी चालली होती." त्यांच्या लेखी विषय संपला.

या आजींचा मला फार उपयोग झाला. त्या अस्सल रीसच्या, बोलतात ती श्वाबियन बोली. वर्गातलं जर्मन घेऊन त्यांच्यापुढे बसलं की निम्मं डोक्यावरून जातं. रोज संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी माझं भाषण त्यांना म्हणून दाखवायची. भूगर्भाचा भाग त्या डुलक्या काढत ऐकायच्या. माती म्हटलं की मात्र ताठ बसायच्या. "ही माती," त्या म्हणायच्या, "अशी डोंगरात नाही. डोंगरातल्या लोकांकडे दगड होते, आमच्याकडे गहू होता." माझ्या सगळ्या तयारीत हवा असलेला दुवा त्यांनी एका वाक्यात दिला. खड्ड्यामुळे सपाटी, सपाटीमुळे आणि मातीमुळे धान्य, धान्यामुळे बाजार, बाजारामुळे पैसा, पैशामुळे भिंत. आणि भिंतीमुळे काउंट.

पश्चिमेला श्वाबियन डोंगर, पूर्वेला फ्रँकोनियन डोंगर, मध्ये हा सपाट गोल. मालाच्या गाड्यांना यातून जाणं सोपं. 898 मध्ये हे गाव राजाच्या वाड्याची जागा म्हणून कागदावर येतं. 1215 मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने त्याला मुक्त नगर केलं, म्हणजे मध्ये कुणी सरदार नाही, थेट सम्राटाच्या हाताखाली. 1219 मध्ये पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या जत्रेचा पहिला उल्लेख येतो. ही जत्रा मध्ययुगात दक्षिण जर्मनीतली मोठी व्यापारी जत्रा झाली. कापड, कातडी, लोकर, धातूचा माल घेऊन लांबलांबचे व्यापारी यायचे. आजही जत्रा भरते, बाल्डिंगर वेशीबाहेरच्या मैदानावर, पण आता पाळणे आणि बिअरचे तंबू असतात. आमचा मुलगा वर्षभर तिचीच वाट बघतो.

गाव पहिल्या भिंतीत मावेना झालं तेव्हा 1327 मध्ये सम्राट लुडविगच्या आदेशाने बाहेरून दुसरी भिंत घालायला सुरुवात झाली. तीच आजची. सुमारे 2.7 किलोमीटर लांब, पाच वेशी, वर छप्पर असलेली वाट, आणि तिच्यावरून पूर्ण गावाला प्रदक्षिणा घालता येते, पैसे न देता. पहिली भिंत कुठे होती हे पाहायचं तर बाउहोफगासं, ड्रेहरगासं, फोर्डेरे गेर्बरगासं या गल्ल्यांतून चालायचं. त्या वळत वळत जातात, कारण जुन्या भिंतीच्या रेघेवर त्या पडल्या आहेत. गेर्बरगासं कातडी कमावणाऱ्यांची. एगर नदीचं पाणी तिथून जातं, आणि घरांच्या वरच्या मजल्यांवर कातडी वाळत घालायचे उघडे सज्जे अजून दिसतात. आज तिथली घरं रंगवलेली, खिडक्यांत फुलं. वासाची कल्पना आपणच करायची.

इतिहासाच्या भागात मला दोनच गोष्टींवर थांबायचं होतं. बाकी सगळं, कोणत्या राजाने काय सनद दिली ते, मी सरळ गाळलं. ऐकणाऱ्यांनाही ते आवडत नाही.

पहिली गोष्ट मारिया हॉलची. 1589 ते 1598 या काळात गावाच्या कौन्सिलने चेटकिणी शोधायचा सपाटा लावला. 34 बायका आणि एक पुरुष जाळून मारले. त्यांत कौन्सिलच्या लोकांच्या नात्यातल्या बायकाही होत्या. मारिया 'गोल्डेने क्रोने' नावाची खाणावळ नवऱ्याबरोबर चालवायची, मूळची उल्मच्या मुलखातली. 1593 मध्ये तिला पकडलं. 62 वेळा छळ केला. तिने कबूल केलं नाही, कुणाचं नावही घेतलं नाही. उल्मच्या कौन्सिलने तिच्यासाठी रदबदली केली आणि शेवटी तिला सोडावं लागलं. तिच्यानंतर ही प्रकरणं थंडावली. कबुलीवरच चालणारा खटला कबुलीच मिळाली नाही की अडतो, इतका साधा हिशोब. पण तो 62 वेळा अंगावर घेणारी एक बाई लागली. डुकराऐवजी गावाने मारियाची आरोळी मनोऱ्यावरून दिली असती तर मला जास्त आवडलं असतं.

दुसरी गोष्ट 1634 ची. तीस वर्षांच्या युद्धात गाव प्रोटेस्टंट, आत स्वीडिश शिबंदी, बाहेर कॅथलिक सम्राटाच्या फौजेचा वेढा, तिला येऊन मिळालेली स्पॅनिश फौज. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी गुरंढोरं घेऊन तटाच्या आत आलेले, त्यात प्लेग. सोडवायला स्वीडनचा सेनापती गुस्टाव्ह हॉर्न आणि त्याचा जर्मन साथीदार, वायमारचा बर्नहार्ड, नैऋत्येकडून निघाले. इथे पुन्हा भूगोल. गावापर्यंत यायचं तर विवराच्या काठावरच्या टेकड्या ताब्यात घ्यायला हव्यात, नाहीतर खाली सपाटीवर तोफांच्या तोंडी. शेवटची आणि कळीची टेकडी आल्बुख. 6 सप्टेंबरला हॉर्नने तिच्यावर सकाळभर एकामागून एक हल्ले चढवले, वर स्पॅनिश पायदळ घट्ट रोवून उभं. ती पडली नाही. दुपारपर्यंत स्वीडिश फौज मोडली, हॉर्न कैद झाला, गाव शरण गेलं. पुढच्याच वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला आणि युद्ध आणखी तेरा वर्षं लांबलं.

मी आल्बुखवर सायकल चढवली तेव्हा वर मेंढ्या चरत होत्या. जागा बघून एक लक्षात आलं: टेकडी फार उंच नाही, चढ फार तिखट नाही. पण वर उभं राहिलं की दानिएल नेमका समोर, हाताच्या अंतरावर वाटावा असा. गावातले लोक त्याच मनोऱ्यावरून हे सगळं बघत असणार.

त्यानंतर गावाचं वैभव गेलं ते गेलंच. 1645 मध्ये जवळच्या आलेरहाइमला पुन्हा मोठी लढाई झाली. 1803 च्या सुमारास मुक्त नगराचा दर्जाही संपून गाव बव्हेरियात गेलं. 1849 मध्ये रेल्वे आली, पण कारखान्यांची मोठी शहरं दुसरीकडे वाढली. माझं मत असं की तट शाबूत राहिला त्यात प्रेमापेक्षा गरिबीचा वाटा मोठा. भिंत पाडून बाहेर पसरावं एवढी वाढ बराच काळ झालीच नाही. आज वस्ती वीसेक हजार, त्यातली बरीचशी तटाबाहेर.

आता प्रश्न उरला हे सगळं तासात बसवायचा. काठावर वर्गाला नेणं शक्य नव्हतं, दानिएल चढवणं काहींच्या गुडघ्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून मी आजींच्या वाक्यालाच कणा केलं आणि फेरी सेंट जॉर्जच्या पायथ्याशी सुरू केली. काकूंचं भिंग उसनं आणलेलं. प्रत्येकाला भिंतीशी नेलं आणि म्हटलं, आधी बघा, मग बोलते. इंजिनिअर गृहस्थ बराच वेळ तिथून हलेनात. "हे काँक्रीटसारखं मिसळलंय," ते म्हणाले, "पण मिक्सर केवढा असेल!" मी म्हटलं, 24 किलोमीटरचा. पहिलं हसू तिथे मिळालं आणि माझा घसा मोकळा झाला.

ब्राझीलच्या मुलीला हिऱ्यांत रस. खिशात एखादा तुकडा घालून नेता येईल का, असं तिने फार गंभीरपणे विचारलं. चर्चची भिंत ओरबाडायची नाही, आणि ओरबाडून हाती येईल ते सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचं नाही, एवढं सांगून मी तिला पुढे काढलं. नगरपालिकेच्या इमारतीचा 1618 चा दगडी जिना वाटेत होता. त्याच्या बाजूला एक विदूषक कोरला आहे आणि खाली लिहिलं आहे, 'आता आपण दोघे झालो.' वाचणाऱ्याला कळायला दोन सेकंद लागतात. बाईंनी सगळ्यांना ते मोठ्याने वाचायला लावलं.

जुन्या भिंतीच्या गल्लीतून नव्या भिंतीवर चढलो. छपराखालच्या लाकडी वाटेवरून चालताना 1634 सांगत होते. अलेप्पोचे एक वयस्क गृहस्थ मध्येच थांबले. ते वर्गात फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "बाहेरून आत आलेल्या शेतकऱ्यांना गावातल्यांनी घरात घेतलं का?" माझ्या टिपणात वेढा होता, तोफा होत्या, सेनापती होते. हा प्रश्न नव्हता. बाई पुढे आल्या, म्हणाल्या, मिळेल तिथे राहिले असतील, कोठारांत, रस्त्यावर. ते मान हलवून "हो, तसंच असतं," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. तिथून ल्योप्सिंगर वेशीपर्यंत मी फार काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

वेशीत पोचलो तेव्हा तासातली मिनिटं जेमतेम उरली होती. डुक्कर तेवढ्यात आटपलं, आणि मजा म्हणजे ते आता चटकन कळलं: काउंट का, वेस का, पैसे का चारले, सगळं आधीच येऊन गेलेलं. बाईंनी लेखी शेऱ्यात भूगोल लांबल्याचं लिहिलं आणि पुढच्या तुकडीसाठी माझा रस्त्यांचा नकाशा मागून घेतला. भिंग मी दुसऱ्या दिवशी परत केलं.

भारतातून कुणी म्युनिक-आउग्सबुर्गकडे येणार असाल आणि एक दिवस हाताशी असेल तर माझा सल्ला असा. डोनाउव्योर्टहून गाडीने या आणि हारबुर्गला खिडकीबाहेर बघा. आधी दानिएल चढा, ऊन वर यायच्या आत. मग संग्रहालय, मग चर्चची भिंत जवळून, मग तटावरची फेरी. सायकल मिळाली तर आल्टेबुर्ग आणि आल्बुख एका दुपारी होतात. मुक्काम करणार असाल तर रात्री दहानंतर चर्चजवळच्या चौकात थांबा. सोमवार मात्र टाळा, संग्रहालय बंद असतं.